जुन्या थिएटरात दोन न्वार चित्रपट लागोपाठ: लेन्स, प्रिंट आणि क्रम याबद्दल सल्ला हवा

अंधारकोठी:

एका जुन्या एकपडदा थिएटरात एका संध्याकाळी दोन अभिजात फिल्म न्वार (चाळीस-पन्नासच्या दशकांतले काळोखे, कृष्णधवल गुन्हेगारी चित्रपट) लागोपाठ दाखवायचे आहेत, मध्ये एक मध्यंतर. बूथमध्ये ३५ मि.मी.चे दोन प्रोजेक्टर चालू स्थितीत आहेत आणि एक २के डिजिटल प्रोजेक्टरही आहे. अडचण अशी की ३५ मि.मी.च्या यंत्रांवर १.८५ आणि सिनेमास्कोप एवढ्याच लेन्स आहेत, १.३७ ची नाही (आकडे म्हणजे चित्राची रुंदी भागिले उंची). लेन्सपासून पडदा २५ मीटरवर आहे आणि १.८५ चं चित्र पडद्यावर ५ मीटर उंच येतं.

डोक्यात असलेली जोडी: 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आणि 'टच ऑफ एव्हिल' (१९५८).

विचारायचं ते असं. आहे त्या लेन्सवर १.३७ चा चित्रपट चालवला तर किती बिघडेल? प्रिंट (फिल्मची प्रत) मागवावी की डीसीपी (डिजिटल प्रोजेक्टरसाठीची फाइल)? जोडी आणि क्रम बरोबर आहे का? शिवाय हे चित्रपट मुळातच काळोखे, तर लॅम्पचा करंट वाढवून ठेवावा का?

---

बूथवाला:

लेन्सचं आधी बोलतो, कारण तिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

१.८५ च्या लेन्सला १.८५ ची गेट प्लेट (फिल्म जिथून प्रकाशासमोरून जाते त्या गेटमधली, चित्राचा चौकोन ठरवणारी भोकाची पाटी) लावून १.३७ ची प्रिंट चालवली तर फ्रेमचा वरचा-खालचा मिळून चौथा हिस्सा कापला जातो. १.३७ च्या प्लेटची उंची १५.२४ मि.मी. असते, १.८५ च्या प्लेटची ११.३३. हा चौथा हिस्सा न्वारमध्ये रिकामा नसतो. कॅमेरा खाली ठेवून छत चौकटीत घेतलेलं असतं, हॅटची कड वरच्या काठाला टेकलेली असते, जिन्याच्या कठड्याची सावली भिंतीवर वरपर्यंत गेलेली असते. ते कापलं की बोलणारे चेहरे तेवढे उरतात. आणि प्लेट १.३७ ची लावून लेन्स तीच ठेवली तर चित्र ६.७३ मीटर उंच पडतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर छतावर आणि स्टेजवर सांडतं.

लेन्सचा हिशोब सोपा आहे: अंतर गुणिले प्लेटची उंची, भागिले चित्राची उंची. तुमच्याकडे २५,००० × १५.२४ ÷ ५,००० = ७६.२ मि.मी. लेन्स साधारण अडीच मि.मी.च्या टप्प्यांत मिळतात, म्हणजे ७५ किंवा ७७.५. त्यातली ७५ घ्या. चित्र ५.०८ मीटर उंच येईल, म्हणजे आठ सेंटिमीटर जास्त. तेवढं प्लेट कानसून बसवता येतं. ७७.५ घेतली तर चित्र ४.९२ मीटरवर अडकेल आणि लहान चित्र कानशीने मोठं होत नाही.

प्लेटसाठी मुद्दाम लहान भोक असलेली कोरी प्लेट घ्या. ती लावायची, पडद्यावर पांढरा चौकोन पाडायचा, बारीक कानशीने दोन-चार हात मारायचे, पुन्हा लावून बघायचं. बूथ पडद्यापेक्षा उंचावर असेल तर चौकोन खाली रुंद आणि वर अरुंद पडतो. तो तिरकेपणाही इथेच प्लेटच्या बाजू तिरप्या कानसून काढतात. कडांवर बुरा राहिला तर पहिल्याच रिळात फिल्मवर उभे ओरखडे येतील, म्हणून शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि प्लेट धुऊन कोरडी करा. दोन प्रोजेक्टर म्हणजे दोन लेन्स आणि दोन प्लेटा, आणि प्रत्येक प्लेट आपापल्या यंत्रावरच कानसायची. एकीवरून दुसरी मापून बनवली तर दर चेंजओव्हरला (एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना) चित्र उडी मारताना दिसेल.

चित्राची रुंदी ६.८७ मीटर येईल, १.८५ ला ती ९.२५ होती. म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा मीटरच्या आसपास पांढरा पडदा उघडा पडतो. बाजूचं मास्किंग (पडद्याच्या कडा झाकणारं काळं कापड) तिथपर्यंत सरकतं का ते आजच बघा. पुष्कळ ठिकाणी मोटर १.८५ वरच थांबवलेली असते, थांबा-स्विच हलवला की पुढे येते. ते जमत नसेल तर लाकडी चौकटीवर काळं मखमली कापड ताणून दोन उभे फलक करा आणि पडद्याला चिकटून उभे करा. साधं काळं सुती कापड नको. अंधारात ते करडं दिसतं.

---

रीळ क्रमांक पाच:

करंट वाढवू नका. उलट कमी करावा लागेल.

त्याच लॅम्पवर १.३७ च्या प्लेटमधून १.८५ पेक्षा जवळपास एक तृतीयांश जास्त प्रकाश बाहेर पडतो, आणि तो पडतो लहान चित्रावर. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर कागदावर पडद्याचा उजेड १.८ पट होतो. प्रत्यक्षात लेन्सचं तोंड आणि आरशाची जुळणी यामुळे थोडा फरक पडतो, पण दिशा हीच. फिल्म न घालता, शटर फिरत ठेवून मीटरने पडद्याच्या मध्यावर १६ फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं एकक) मिळाले पाहिजेत. त्याहून जास्त उजेड दिला की काळ्या जागा करड्या होतात, आणि न्वारमध्ये तर बघण्यासारखं जे काही असतं ते काळ्याच्या कडेलाच असतं.

दुसरं कारण उष्णतेचं. कृष्णधवल प्रिंटमधली चांदी रंगीत प्रिंटमधल्या रंगद्रव्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते. रात्रीचा प्रसंग म्हणजे फ्रेमभर चांदी. फिल्म गेटमध्ये फुगते आणि फोकस आत-बाहेर करत राहतो. ऑपरेटर बिचारा लेन्स फिरवत बसतो आणि उजेडाचा प्रसंग आला की पुन्हा सगळं धूसर. उष्णता-रोधक काच जागेवर आहे ना, गेटचा पंखा चालतो ना, हे बघा आणि फोकस मध्यम उजेडाच्या प्रसंगावर लावा.

आता प्रिंट. संग्रहालयाची प्रिंट मागवणार असाल तर दोन प्रोजेक्टर आणि रीळ-टू-रीळ चेंजओव्हर ही त्यांची पहिली अट असते. रिळं कापून प्लॅटरवर (अख्खा चित्रपट एकाच तबकावर ठेवणाऱ्या यंत्रावर) एकत्र जोडायला ते बहुधा परवानगी देत नाहीत. प्रिंट किमान दोन दिवस आधी हातात हवी, कारण तपासणीलाच एक पूर्ण दिवस जातो. वाइंडिंग टेबलवर सुती हातमोजे घालून प्रत्येक रीळ हाताने, सावकाश फिरवायचं. दोन्ही कडा बोटांत हलक्या धरल्या की फाटलेलं छिद्र किंवा सुटलेला जोड डोळ्यांआधी बोटांना कळतो. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट (फिल्मचा बेस, म्हणजे पारदर्शक पट्टी, ज्याची बनते तो एक पदार्थ) सडायला लागलंय. आकुंचन मोजायचं मापक असेल तर लावा. ते १ टक्क्याच्या आसपास गेलं असेल तर स्प्रॉकेटचे दात छिद्रं फाडणार, अशी प्रिंट चालवू नये.

बेस कोणता हे ओळखायला रीळ आडवं धरून पलीकडे दिवा ठेवा. पॉलिस्टर कडेतून उजळ दिसतं, ॲसिटेट गडद. पॉलिस्टर तुटत नाही ही चांगली गोष्ट वाटते, पण कुठे अडकलं तर फिल्मऐवजी यंत्राचे भाग वाकतात. त्यामुळे टेक-अपचा (चाललेली फिल्म गुंडाळणाऱ्या रिळाचा) ताण आधी तपासा. पॉलिस्टरला फिल्म सिमेंट धरत नाही, जोड टेपचाच करायचा.

१९५१ च्या आसपासपर्यंतची मूळ प्रिंट नायट्रेट असू शकते. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवत जळतं, पाण्याखालीसुद्धा विझत नाही, आणि ते फक्त त्यासाठी बांधलेल्या बूथमध्येच चालवतात. फिल्मच्या कडेला छापलेल्या 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. निगेटिव्हच्या कडेवरचा शब्द कॉपीवर उतरलेला असू शकतो. शंका आली की डबा बंद करून पाठवणाऱ्याला फोन.

चेंजओव्हर: ३५ मि.मी. मिनिटाला ९० फूट धावते. १०७ मिनिटांचा चित्रपट म्हणजे ९,६३० फूट, दोन हजार फुटांची पाच रिळं, चार बदल. रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिली खूण येते, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. साधारण सात सेकंदांनी दुसरी खूण आली की बदल. खूण फक्त चार फ्रेम दिसते, सेकंदाचा सहावा भाग. काळ्या प्रसंगात काळा ठिपका असेल तर तो दिसतच नाही. म्हणून तपासणीतच प्रत्येक रिळाचा शेवटचा शॉट आणि शेवटचं वाक्य कागदावर लिहून ठेवा. खुणा नसतील तर संग्रहालयाच्या प्रिंटवर स्वतः खरवडून करायच्या नाहीत, विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

जुन्या अकॅडमी लीडरवर (रिळाच्या सुरुवातीला चित्राआधी जोडलेल्या पट्टीवर) दर फुटाला आकडा असतो. सुरुवातीला ९ गेटमध्ये ठेवून पाहा. बदलानंतर पडद्यावर आकडे दिसले तर चित्र यायला उशीर होतोय, पुढच्या वेळी लहान आकडा गेटमध्ये ठेवा. पहिला शॉट कापला गेला तर मोठा. प्रत्येक मोटरची उचल वेगळी असते, त्यामुळे दोन यंत्रांचे आकडे वेगळे निघाले तरी काही चुकलेलं नाही. ते बूथच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.

---

कृष्णधवल:

जोडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हे दोन एका संध्याकाळी नकोत.

'टच ऑफ एव्हिल' कमी प्रतीचा म्हणून म्हणत नाही. तो तीन आवृत्त्यांत फिरतो: १९५८ मध्ये प्रदर्शित झालेली सुमारे ९५ मिनिटांची, १९७० च्या दशकात सापडलेली १०८ मिनिटांची, आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ५८ पानी टिपणावरून १९९८ मध्ये संपादक वॉल्टर मर्चने जुळवलेली १११ मिनिटांची. शेवटचीत पहिल्या लांबलचक शॉटवर श्रेयनामावली नाही आणि संगीतकार हेन्री मॅन्सिनीचं शीर्षकसंगीतही नाही, रस्त्यावरच्या दुकानांतून येणारे आवाज ऐकू येतात. कोणती येणार हे लेखी घेतल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. शिवाय तो रुंद पडद्याच्या काळातला. मध्यंतरात लेन्स, प्लेट, मास्किंग तिन्ही बदलावं लागेल. आणि १०७ अधिक १११ म्हणजे मध्यंतर धरून चार तास. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटच्या रिळात लोक घड्याळ बघायला लागतात.

१९५३ च्या सुरुवातीपर्यंतचे हॉलिवूडचे चित्रपट डोळे मिटून १.३७ धरा. त्यानंतरचा प्रत्येक चित्रपट स्वतंत्र विचारायचा, कारण त्या वर्षी स्टुडिओंनी एकेक करून रुंद पडदा स्वीकारला.

'डबल इन्डेम्निटी' ठेवा आणि पहिलाच ठेवा. जॉन सिट्झचं छायालेखन, पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांतून येणारं ऊन, त्या उन्हात तरंगणारी धूळ. ती धूळ दिसावी म्हणून सिट्झने ॲल्युमिनियमचे कण हवेत उडवले होते. तुमच्या बूथची काच स्वच्छ आहे की नाही याची याहून चांगली परीक्षा नाही. धूळ दिसली नाही तर काच आणि लेन्स पुन्हा पुसा.

दुसरा 'द नॅरो मार्जिन' (१९५२), रिचर्ड फ्लायशरचा, ७१ मिनिटांचा. पहिल्यात सगळी कथा नायकाच्या कबुलीतून, मिक्लोश रोझाच्या जड संगीतावर पुढे सरकते. दुसऱ्यात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, आगगाडीची चाकं, शिट्टी आणि डब्यांची दारं यांवरच ताण उभा केलाय. कान बदलतो, त्यामुळे दुसरा चित्रपट ताजा वाटतो. पुष्कळ लोक इथे 'डिटूर' (१९४५, ६८ मिनिटं) सुचवतील. तो मलाही फार आवडतो, पण तोही नायकाच्या निवेदनावर चालतो. दोन कबुल्या लागोपाठ ऐकल्या की दुसरीचा डंख बोथट होतो. 'डिटूर' ठेवायचाच असेल तर 'द सेट-अप' (१९४९) बरोबर ठेवा. रॉबर्ट वाइजचा हा मुष्टियोद्ध्याचा चित्रपट जवळजवळ प्रत्यक्ष वेळेतच घडतो. दोन्ही मिळून अडीच तासांच्या आत संपतात.

लांब आधी, आखूड नंतर. उलट केलं तर गुंतागुंतीचं कथानक थकलेल्या डोक्यांसमोर येतं.

---

अंधारकोठी:

लेन्सचा हिशोब आणि उजेडाचं गणित, दोन्हीसाठी मनापासून आभार. करंटबाबत अगदी उलट समजत होतो.

'डबल इन्डेम्निटी'ची प्रिंट मिळण्यासारखी आहे. दुसऱ्याची मात्र कदाचित डीसीपीच येईल. एक फिल्मवर आणि एक डिजिटलवर चालेल का? आणि आवाजाचं काय? ध्वनिप्रोसेसर अलीकडचा आहे, भोवती स्पीकरही आहेत.

---

बूथवाला:

चालेल. प्रेक्षकांना माध्यम बदललेलं खटकत नाही, चित्राचा आकार बदललेला खटकतो. डीसीपीत १.३७ चं चित्र फ्लॅटच्या (१.८५ च्या) १९९८ × १०८० चौकटीत १४८० × १०८० असं मध्यभागी बसलेलं असतं, बाजूच्या पट्ट्या काळ्या. डिजिटल प्रोजेक्टरचं काळं म्हणजे गडद करडंच, त्यामुळे मास्किंग न लावता त्या पट्ट्या तशाच सोडल्या तर चित्राच्या दोन्ही बाजूंना दोन राखाडी खांब चित्रपटभर उभे. तुमचं फ्लॅट चित्र ५ मीटर उंच असेल तर हे ६.८५ मीटर रुंद येईल. म्हणजे फिल्मसाठी लावलेलं मास्किंग हलवायची गरजच नाही. उजेडाचं मानक मात्र इथे १४ फूट-लँबर्ट, आणि ते डिजिटलसाठी वेगळं मोजायचं.

डीसीपी आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवून शेवटपर्यंत पाहा, नुसती सुरू होते का एवढं बघून थांबू नका. की-फाइल (डीसीपी उघडणारी, ठरावीक वेळेतच चालणारी चावी) येणार असेल तर तिची वेळेची खिडकी तपासा. खेळ रात्री उशिरा संपणार आणि चावी मध्यरात्री संपणार, किंवा वेळ दुसऱ्याच कालविभागातली लिहिलेली, हे नेहमीचे घोळ. तालमीसाठीही चावी चालू असायला हवी हे मागतानाच सांगा.

पडदा थ्रीडीचा चंदेरी असेल तर मध्ये चकाकी आणि कडांना अंधार दिसेल. त्यावर न्वार दाखवण्याआधी दहा वेळा विचार करा. मॅट पांढरा असेल तर काळजी नाही.

आणखी एक, फिल्मसाठी. काळ्यावर पांढऱ्या श्रेयनामावलीत अक्षरांना वर किंवा खाली धुरकट शेपटी दिसली तर शटरचं टायमिंग सरकलंय. रंगीत चित्रपटात वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, न्वारच्या पहिल्याच मिनिटाला येतं. तालमीत बघा, म्हणजे तंत्रज्ञाला बोलवायला वेळ राहील.

---

रीळ क्रमांक पाच:

आवाज: मोनो, फक्त मधला स्पीकर. प्रोसेसरवर मोनोचा फॉरमॅट निवडा, भोवतालचे सगळे बंद. कृत्रिम सराउंड लावला तर संवाद भिंतींवरून यायला लागतात आणि बोलणारा पडद्यावर एकटा राहतो.

जुन्या मोनोच्या ध्वनिपट्टीसाठी अकॅडमी कर्व्ह (वरचे स्वर दाबणारं ध्वनीचं मानक) वापरतात. १०० ते १,६०० हर्ट्झ सपाट, पुढे ५,००० ला १० डेसिबल आणि ८,००० ला १८ डेसिबल खाली. त्या काळी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना थिएटरात वरचा आवाज असा पडणार हे माहीत होतं, त्याच हिशोबाने ते वर उचलून मुद्रित करत. कर्व्ह काढून टाकला तर संवाद स्पष्ट होण्याऐवजी 'स', 'श' टोचतात आणि पट्टीवरचे ओरखडे कढईत मोहरी तडतडावी तसे ऐकू येतात. डीसीपीला हे लागत नाही, ते काम बहुधा आधीच झालेलं असतं. दोन वेळा लावू नका, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होईल.

ध्वनिपट्टी वाचणारा लाल एलईडीचा वाचक असेल तर चांदीची जुनी पट्टीही तो नीट वाचतो. आवाज ओठांमागे पडला तर गेट आणि ध्वनिपिंप (जिथे ध्वनिपट्टी वाचली जाते तो फिरता दंडगोल) यांमधला फिल्मचा लूप (सैल वळसा) मोजा. पट्टीवर ध्वनी चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापलेला असतो, लूप एक फ्रेम मोठा झाला तरी सेकंदाचा चोविसावा भाग चुकतो. दोन-तीन फ्रेम चुकल्या की कळतं.

मध्यंतरात झेनॉन लॅम्प बंद करून पुन्हा पेटवू नका, प्रत्येक पेटवणीला इलेक्ट्रोड झिजतात. डाउझर (लॅम्पसमोरचं प्रकाश अडवणारं झाकण) खाली टाकून ठेवा.

सभागृहाचंही बघा. बाहेर जाण्याचे दिवे बंद करता येत नाहीत आणि करूही नयेत, पण त्यांचा उजेड पडद्याकडे जाणार नाही अशी पट्टी लावता येते. पडद्याजवळच्या भिंती क्रीम किंवा सोनेरी असतील तर पहिल्या तीन-चार मीटरवर काळं कापड सोडा. पडद्यावरचा उजेड भिंतीवर जाऊन परत पडद्यावर येतो आणि काळं खातो. सभागृहातल्या कुठल्याही दिव्यापेक्षा हे नुकसान जास्त आहे, आणि उपाय एका दुपारचा.

---

अंधारकोठी:

बदल झालाय. 'द नॅरो मार्जिन' त्या तारखेला मिळत नाही. त्याऐवजी 'द बिग कॉम्बो' (१९५५) ची प्रिंट देऊ करत आहेत. घ्यावी का?

---

कृष्णधवल:

घ्या. दिग्दर्शन जोसेफ लुईसचं आणि छायालेखन जॉन ऑल्टनचं. शेवटच्या धुक्यातल्या प्रसंगासाठी तरी घ्याच, मोठ्या पडद्यावर तो बघायला मिळणं हेच निमित्त पुरेसं आहे. १९५५ चा आहे, त्यामुळे कोणत्या प्रमाणात चालवायचा हे प्रिंट देणाऱ्याकडून लेखी घ्या आणि १.३७ नसेल तर मध्यंतर वीसऐवजी तीस मिनिटांचं धरा. प्रिंटचं भाडं आणि प्रदर्शनाचे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिंट कुणीही देवो, हक्कधारकाची परवानगी स्वतंत्र लागते. जुना चित्रपट एका देशात हक्कमुक्त असला म्हणून दुसऱ्या देशात तसाच असतो असंही नाही.

ऑपरेटरला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. या चित्रपटात श्रवणयंत्राचा दोनदा वापर आहे. एकदा ते छळासाठी वापरलंय, तिथे ढोलांचा आवाज एकदम कानठळ्या बसवतो. नंतर एका माणसाच्या कानातून ते काढून घेतलं जातं आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात. त्या क्षणी आपल्यालाही काही ऐकू येत नाही, नुसत्या बंदुकांच्या तोंडच्या ठिणग्या. पहिल्यांदा चालवणारा माणूस पहिल्या ठिकाणी फेडर (आवाज कमी-जास्त करणारी कळ) खाली ओढतो आणि दुसऱ्या ठिकाणी ध्वनीचा दिवा गेला समजून दुसऱ्या वाचकावर उडी मारतो. तपासणीत ही दोन्ही रिळं शोधून त्यांच्या डब्यांवर ठळक चिठ्ठी लावा: 'इथे आवाज चढतो', 'इथे आवाज जातो, फेडरला हात लावू नये.'